इंटेलच्या लॅपटॉपसाठी 'एएमडी६४' का? प्रोसेसरच्या आर्किटेक्चरला नावे कशी पडतात

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यांदाच बसवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक शंका हमखास येते आणि ती अगदी रास्त असते. लॅपटॉपवर लेबल इंटेलचे असते, पण डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रचलित रूपांच्या संकेतस्थळावरून जी फाइल उतरवून घ्यायची, तिच्या नावात 'एएमडी६४' असे लिहिलेले असते. एएमडी ही तर इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी. तेव्हा ही फाइल आपल्यासाठी नसणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत डेबियनच्या त्याच यादीत 'आयए६४' नावाचीही फाइल असे, आणि 'आयए' म्हणजे 'इंटेल आर्किटेक्चर' एवढे ठाऊक असलेल्या माणसाला तीच आपली वाटणे साहजिक होते. ती मात्र त्याच्या लॅपटॉपवर कधीच चालली नसती. त्याला हवी असायची ती 'एएमडी६४'च.

हा घोळ कुणाच्या निष्काळजीपणामुळे झालेला नाही. प्रोसेसरच्या जगात नाव हे वस्तूचे वर्णन म्हणून क्वचितच दिले जाते. ते कधी अभियंत्यांच्या सोयीतून येते, कधी न्यायालयाच्या निकालातून, कधी कंपन्यांच्या भागीदारीतून. आणि एकदा ते हजारो प्रोग्रामांमध्ये लिहिले गेले, की ज्या कारणासाठी दिले ते कारण संपल्यावरही पुसता येत नाही. म्हणून अशा कोणत्याही नावापाशी थांबून दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हे नाव नेमके कशाचे आहे? आणि ते कुणी दिले? पहिल्या प्रश्नाकडे आधी पाहू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

प्रोसेसरला काही मूलभूत आज्ञा कळतात: या दोन रजिस्टरांतील (म्हणजे चिपच्या आतल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागांतील) संख्यांची बेरीज कर, मेमरीतल्या अमुक जागेवरचा आकडा उचलून आण, उत्तर शून्य आले तर प्रोग्रामच्या तमुक ठिकाणी उडी मार. अशा सगळ्या आज्ञांच्या ठरलेल्या यादीला आज्ञासंच म्हणतात. प्रत्येक आज्ञा शून्य-एकच्या कोणत्या क्रमाने लिहायची, रजिस्टर किती आणि प्रत्येकाची रुंदी किती बिटांची, हेही त्यातच ठरलेले असते. काटेकोर अर्थाने 'आर्किटेक्चर' हे नाव या लेखी कराराचे आहे. तो करार पाळणारी चिप आतून कशी बांधायची, आज्ञांची रांग कशी लावायची, कॅश (चिपमधली छोटी, जलद मेमरी) किती ठेवायची, हे पुढचे प्रश्न; त्या बांधणीला मायक्रोआर्किटेक्चर म्हणतात आणि तिला वेगळे नाव असते. दुकानातल्या खोक्यावर छापले जाते ते तिसरेच, मालाचे नाव. २०११ साली बाजारात आलेला 'कोअर आय७-२६००' घेतला, तर हे मालाचे नाव झाले. त्याची बांधणी 'सँडी ब्रिज' आणि त्याला कळणारा आज्ञासंच 'एक्स८६-६४'. ॲपलच्या 'एम१' चिपमध्ये 'फायरस्टॉर्म' आणि 'आइसस्टॉर्म' अशा दोन बांधणींचे कोअर, म्हणजे आज्ञा पाळणारे स्वतंत्र गाभे, आहेत, पण दोन्हींना एआरएमचा ६४ बिटांचा तोच आज्ञासंच कळतो. एखादे सॉफ्टवेअर तुमच्या यंत्रावर चालेल की नाही हे आज्ञासंचावरून ठरते, आणि म्हणूनच उतरवून घ्यायच्या फाइलवर नाव असते ते आज्ञासंचाचे.

हे थर पहिल्यापासून वेगळे नव्हते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला संगणक १९६० मध्ये रीतसर कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण 'टिफ्रॅक' असे केले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांना 'ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर'ची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले. त्या काळी अशी नावे ठेवण्याची रीतच होती. एनिॲक, एडसॅक, इलियाक यांच्या शेवटीही तोच 'ॲक' आहे. टिफ्रॅक जगात एकच होता. त्याचा आज्ञासंच, त्याची बांधणी आणि कुलाब्यातली ती कपाटे यांना वेगवेगळी नावे देण्याचे कारणच नव्हते, कारण टिफ्रॅकच्या यंत्रभाषेत लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालणार नव्हता.

करार आणि यंत्र यांची फारकत केली ती आयबीएमने. एप्रिल १९६४ मध्ये त्या कंपनीने 'सिस्टीम/३६०' जाहीर केली: लहानमोठी ६ मॉडेले, आतून एकमेकांपासून पुष्कळ वेगळी, पण प्रोग्रामरला दिसणारा आज्ञासंच एकच. ३६० हा आकडा वर्तुळाच्या अंशांचा. व्यापारी असो की शास्त्रीय, सर्व दिशांची कामे हे कुटुंब करील, असे त्यातून सुचवायचे होते. त्याच वर्षी जीन अमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रूक्स यांनी लिहिलेल्या लेखात 'आर्किटेक्चर' हा शब्द प्रोग्रामरला दिसणाऱ्या यंत्राच्या स्वरूपासाठी वापरला गेला आणि तो त्याच अर्थाने रुजला. ३६० पुढे ३७० झाली, ३९० झाली, २००० साली 'झेड/आर्किटेक्चर' झाली. पण आयबीएमच्या आजच्या मेनफ्रेमवर, म्हणजे त्याच कुटुंबातल्या मोठ्या संगणकावर, लिनक्स चालवले तर यंत्र आपली ओळख 'एस३९०एक्स' अशीच सांगते. विक्रीचे नाव बदलले, सॉफ्टवेअरमधले नाव तसेच राहिले. हाच प्रकार पुढे पुन:पुन्हा दिसतो, आणि सर्वांत ठळकपणे दिसतो तो पीसीच्या बाबतीत.

'एक्स८६' हे नाव समजून घ्यायचे तर इंटेलच्या आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. १९७१ च्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरला कंपनीच्या अंतर्गत पद्धतीप्रमाणे १२०२ हा क्रमांक मिळायचा होता आणि त्याच संचातल्या इतर ३ चिपांना त्याच्याशी काहीही न जुळणारे क्रमांक. चिपची आखणी करणारे फेडेरिको फॅजिन यांनी आग्रह धरला की चारही चिपा एका कुटुंबाच्या आहेत हे आकड्यांतून दिसले पाहिजे. म्हणून ४००१, ४००२, ४००३ आणि प्रोसेसर ४००४. तो ४ बिटांचा होता. पुढच्या वर्षी ८ बिटांचा आला, तो ८००८ झाला. १९७४ मध्ये ८०८० आला आणि १९७६ मध्ये ८०८५. या शेवटच्या नावातला ५ हा आकडा चिपला ५ व्होल्टचा एकच वीजपुरवठा पुरतो हे सांगणारा आहे. आधीच्या ८०८० ला ३ वेगवेगळे पुरवठे लागत. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत कित्येक तुकड्यांनी ८०८५ च्या किटवर हेक्स कीपॅड दाबून प्रोग्राम भरले आहेत. ज्यांनी भरले त्यांना '३ई' म्हणजे 'पुढचा आकडा ॲक्युम्युलेटरमध्ये ठेव' हे अजून आठवत असेल. आज्ञासंच म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

त्यानंतरचा क्रमांक ८०८६. इंटेलची खरी आशा तेव्हा दुसऱ्याच एका महत्त्वाकांक्षी आर्किटेक्चरवर होती. ते १९८१ मध्ये 'आयएपीएक्स ४३२' म्हणून बाजारात आले आणि चालले नाही. ते रखडले होते म्हणून मधली वेळ निभावून नेण्यासाठी १६ बिटांचा ८०८६ तयार करण्यात आला. स्टीफन मोर्स यांनी त्याचा आज्ञासंच आखला आणि १९७८ मध्ये चिप बाहेर पडली. तिचीच थोडी स्वस्तात बसणारी आवृत्ती ८०८८, जी १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी निवडली. मग ८०१८६, ८०२८६, ८०३८६, ८०४८६ अशी ओळ लागली. शेवटचे ८६ कायम आणि त्यांच्या आधीचा आकडा बदलता. त्या बदलत्या भागाच्या जागी बीजगणितातला 'एक्स' बसवला, की झाले 'एक्स८६'. हे नाव कुणी समारंभाने ठेवले नाही. इंटेलच्या त्या वेळच्या पुस्तिकांत 'आयएपीएक्स ८६', 'आयएपीएक्स २८६' अशी भारदस्त नावे छापली जात होती, पण लोकांच्या तोंडी ८६ बसले आणि तेच टिकले. तात्पुरती सोय म्हणून केलेल्या चिपचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ अर्धशतकानंतरही आपण टाइप करत आहोत.

ही आकड्यांची ओळ ४८६ पाशी का थांबली, याचे कारण तांत्रिक नाही. एएमडी इंटेलशी सुसंगत चिपा बनवत होती आणि आपल्या चिपच्या नावातही ३८६ हा आकडा वापरू पाहत होती. इंटेल न्यायालयात गेली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ठरवले की '३८६' हे एका जातीच्या चिपांचे सर्वसामान्य नाव झाले आहे. ते एकट्या इंटेलचे व्यापारचिन्ह मानता येणार नाही. त्यामुळे पुढच्या चिपला ५८६ म्हणणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला फुकट नाव देणे ठरले असते. म्हणून १९९३ मध्ये 'पेंटियम' आला: ग्रीक भाषेतला पाच हा आकडा, त्याला मूलद्रव्यांच्या नावांत असतो तसा 'इयम' हा प्रत्यय, आणि नोंदणी करून राखता येईल असे बनवलेले नाव. माझ्या मते मालाचे नाव आणि आर्किटेक्चरचे नाव ही कायमची वेगळी झाली ती या निकालामुळे. खोक्यावर पेंटियम आले, पण कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणारी सॉफ्टवेअरे) आणि लिनक्सची पॅकेजे यांमध्ये 'आय५८६', 'आय६८६' अशी इंटेलने कधीच न विकलेली नावे चालू राहिली. 'आय६८६' म्हणजे १९९५ च्या पेंटियम प्रोची पिढी. डेबियनमध्ये तर ३२ बिटांच्या या साऱ्या कुटुंबाला 'आय३८६' असेच नाव आहे, आणि खऱ्या ३८६ चिपवर आजचे डेबियन चालतच नाही. २०२५ च्या डेबियन १३ च्या आधीपर्यंत त्याला निदान ६८६ ची पिढी लागत असे.

आता 'आयए६४' आणि 'एएमडी६४' यांचा उलगडा करता येईल. नव्वदच्या दशकात ३२ बिटांची मर्यादा जाणवू लागली, कारण ३२ बिटांच्या पत्त्यांनी जास्तीत जास्त ४ गिगाबाइट मेमरीच थेट गाठता येते. इंटेलने ठरवले की ६४ बिटांकडे जाताना एक्स८६ चे जुने ओझे टाकून द्यावे. एचपीच्या सोबतीने तिने पूर्णपणे नवा आज्ञासंच बनवला, त्याचे नाव ठेवले 'आयए-६४' आणि २००१ मध्ये त्यावरचा 'इटेनियम' हा प्रोसेसर आणला. त्याचबरोबर जुन्या एक्स८६ च्या ३२ बिटांच्या रूपाला 'आयए-३२' म्हटले जाऊ लागले. नावांवरून वाटते की एक दुसऱ्याचा मोठा भाऊ असावा. प्रत्यक्षात दोन्ही आज्ञासंचांत काहीच साम्य नाही. या संपूर्ण कथेतले सर्वांत दिशाभूल करणारे नाव कोणते, असे मला विचारले तर मी 'आयए-६४' असेच उत्तर देईन.

एएमडीने उलट मार्ग धरला. जुना आज्ञासंच जसाच्या तसा ठेवायचा, रजिस्टर ६४ बिटांपर्यंत रुंद करायचे, त्यांची संख्या ८ वरून १६ करायची, आणि जुने प्रोग्रामही चालू द्यायचे. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या या आराखड्याला त्यांनी आधी 'एक्स८६-६४' म्हटले आणि २००३ मध्ये 'ऑप्टेरॉन' बाजारात आणताना त्याला 'एएमडी६४' हे नाव दिले. ग्राहकांनी हाच मार्ग पसंत केला, कारण त्यांची जुनी सॉफ्टवेअरे मोडीत निघत नव्हती. २००४ मध्ये इंटेललाही तोच आज्ञासंच स्वीकारावा लागला. पण प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या चिपवर छापणे तिला शक्य नव्हते. म्हणून आधी 'आयए-३२ई', मग 'ईएम६४टी' आणि २००६ पासून 'इंटेल ६४', अशी एकामागून एक नावे आली. मायक्रोसॉफ्टने दोघांनाही बाजूला ठेवून आखूडसे 'एक्स६४' पसंत केले. ग्रँट रोडजवळच्या ज्या रस्त्यावर मुंबईकर संगणकाचे सुटे भाग घ्यायला जातो, त्याला पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात आणि टॅक्सीवाल्याला सांगताना लॅमिंग्टन रोड. पण पोचतो आपण त्याच दुकानांपाशी. एक्स८६-६४, एएमडी६४, इंटेल ६४ आणि एक्स६४ यांचेही तसेच आहे. बारीकसारीक फरक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांना सांभाळावे लागतात, वापरणाऱ्याला नाही.

डेबियनने आणि बीएसडी कुटुंबातल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमांनी 'एएमडी६४' हे नाव स्वीकारले आणि टिकवले. मला ते योग्यच वाटते, कारण आज्ञासंच ज्याने आखला त्याचे नाव त्यात टिकून राहिले. रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीच्या परंपरेत 'एक्स८६' आणि '६४' यांच्यामध्ये अंडरस्कोअर घालून लिहितात. याचे आणखी एक रूप स्वतःच्या विंडोजच्या यंत्रावर पाहता येते. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'प्रोसेसर आर्किटेक्चर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे मूल्य छापायला सांगितले, तर चिप इंटेलची असली तरी उत्तर येते 'एएमडी६४'. सी ड्राइव्हमध्ये ३२ बिटांच्या प्रोग्रामांसाठी जे दुसरे प्रोग्राम फाइल्सचे फोल्डर असते, त्याच्या नावापुढे एक्स८६ असते. म्हणजे मूळचे १६ बिटांचे हे नाव विंडोजमध्ये ३२ बिटांचे निदर्शक होऊन बसले. आणि 'सिस्टीम३२' या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली असतात, तर ३२ बिटांच्या 'सिसवाव६४' मध्ये. नाव बदलले असते तर 'सिस्टीम३२' हा पत्ता गृहीत धरून लिहिलेले असंख्य प्रोग्राम कोसळले असते.

एआरएमची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३ मध्ये स्वतःचा प्रोसेसर आखायला घेतला आणि एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हाती आली. नाव होते 'एकॉर्न रिस्क मशीन'. 'रिस्क' म्हणजे मोजक्या आणि साध्या आज्ञांचा संच असलेला संगणक. हा शब्द बर्कलीतल्या संशोधकांनी रूढ केला होता. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून स्वतंत्र कंपनी काढली, तेव्हा तीन अक्षरे तशीच ठेवून त्यांचा अर्थ 'ॲडव्हान्स्ड रिस्क मशीन्स' असा करण्यात आला. आता ते विस्तारित रूपही मागे पडले असून नुसते 'आर्म' उरले आहे.

या कंपनीचा मूळ धंदा चिपा विकण्याचा नाही, आज्ञासंचाचे आणि कोअरच्या आराखड्यांचे परवाने विकण्याचा आहे. त्यामुळे तिला करार आणि बांधणी या दोन्हींची नावे लोकांपुढे ठेवावी लागतात, आणि इथे बराच काळ फार वाईट घोळ होता. 'एआरएम७' हे एका कोअरचे नाव आहे आणि 'एआरएमव्ही७' हे आज्ञासंचाच्या सातव्या आवृत्तीचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मोबाइल फोनांमध्ये सर्रास असलेला 'एआरएम७टीडीएमआय' हा कोअर आज्ञासंचाच्या चौथ्या आवृत्तीचा आहे. 'एआरएम११' सहाव्या आवृत्तीचा. एका अक्षराच्या फरकाने कोअरच्या मॅन्युअलऐवजी भलत्याच आज्ञासंचाचे मॅन्युअल हाती येते. पुढे कंपनीने कोअरना 'कॉर्टेक्स' हे कुलनाम दिले आणि त्यात तीन शाखा केल्या: ॲप्लिकेशनसाठी 'ए', वेळेचे काटेकोर बंधन असलेल्या कामांसाठी 'आर' आणि मायक्रोकंट्रोलरसाठी 'एम'. तीन अक्षरे ओळीने वाचली की कंपनीचेच नाव होते. आकड्यांचा गोंधळ त्यामुळे पुष्कळ निवळला.

२०११ मध्ये आठवी आवृत्ती जाहीर झाली आणि तिच्यात ६४ बिटांचे रूप आले. आर्मने त्या रूपाला 'एआर्च६४' असे नाव दिले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हा कोड दाखल होताना लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांना ते नाव पटले नाही आणि फोल्डरचे नाव 'एआरएम६४' ठेवले गेले. परिणाम असा, की आजही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ६४ बिटांच्या लिनक्सला 'युनेम -एम' या कमांडने विचारले तर उत्तर येते 'एआर्च६४', त्याच सिस्टीमच्या डेबियन पॅकेजांवर लिहिलेले असते 'एआरएम६४', आणि ॲपलच्या नव्या मॅकवर तीच कमांड 'एआरएम६४' असे सांगते. तिन्ही ठिकाणी आज्ञासंच एकच. अँड्रॉइडची एपीके फाइल प्ले स्टोअरच्या बाहेरून घेणाऱ्यांना 'एआरएम६४-व्ही८ए' आणि 'एआरएमईएबीआय-व्ही७ए' अशा दोन फाइली दिसतात. पहिली आठव्या आवृत्तीच्या 'ए' शाखेची, ६४ बिटांची. दुसरी सातव्या आवृत्तीची, ३२ बिटांची. मधले 'ईएबीआय' म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची याचे ठरलेले नियम. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या फोनसाठी सहसा पहिली फाइल लागते.

ऐंशीच्या दशकात रिस्क प्रोसेसरांबरोबर आद्याक्षरांची लाटच आली होती. स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांच्या गटाने केलेल्या 'मिप्स'चे पूर्ण नाव 'मायक्रोप्रोसेसर विदाउट इंटरलॉक्ड पाइपलाइन्ड स्टेजेस' असे आहे, आणि 'मिप्स' म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष आज्ञा, हा वेगाचा मापदंडही त्यात दडलेला आहे. आयबीएमच्या 'पॉवर'मध्येही अशीच आद्याक्षरे आहेत. ॲपल आणि मोटोरोला सोबत आल्यावर त्याचे 'पॉवरपीसी' झाले, आणि तिथला 'पीसी' म्हणजे 'परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग', पर्सनल कॉम्प्युटर नव्हे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७ मध्ये आणलेल्या 'स्पार्क'विषयी मात्र जरा थांबून सांगायला हवे. नाव 'स्केलेबल प्रोसेसर आर्किटेक्चर'वरून आलेले. त्याची आठवी आवृत्ती, 'स्पार्क व्ही८', पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे खुले मानक झाली. पवईच्या आयआयटी मुंबईत विकसित झालेला 'अजित' हा प्रोसेसर याच आज्ञासंचावर बेतलेला आहे. आखणी पवईतली, चिप बनली ती मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत. प्रोसेसर देशी असेल तर आज्ञासंच परका का, असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर करार आणि बांधणी यांतल्या फरकातच आहे. 'अजित' हे बांधणीचे नाव आहे आणि ती बांधणी सर्वस्वी इथली आहे. करार जुना आणि सर्वमान्य निवडल्यामुळे स्पार्कसाठी तयार असलेले कंपायलर आणि सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून हाताशी राहते. आज्ञासंच नवा काढायचा तर ते सगळे शून्यातून उभारावे लागले असते.

आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' या प्रोसेसरांनी निवडला तो 'रिस्क-फाइव्ह' हा आज्ञासंच. यातला शेवटचा भाग 'व्ही' असा लिहितात, पण तो रोमन पाच आहे आणि उच्चार 'फाइव्ह' असाच करायचा. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेला हा तिथला पाचवा रिस्क आराखडा. त्याचे मानक खुले आहे आणि तो वापरायला परवान्याचे शुल्क नाही. मला त्याचे विशेष कौतुक वाटते ते नावांच्या शिस्तीसाठी, कारण इथे नाव हेच वर्णन व्हावे असा प्रयत्न पहिल्यापासून झालेला आहे. 'आरव्ही६४आयएमएसी' हे नाव अक्षर अक्षर सोडवता येते: रिस्क-फाइव्ह, रजिस्टर ६४ बिटांचे, 'आय' म्हणजे पूर्णांकांच्या मूळ आज्ञा, 'एम' म्हणजे गुणाकार-भागाकार, 'ए' म्हणजे एकाहून अधिक कोअर एकाच वेळी मेमरीला हात घालतात तेव्हा लागणाऱ्या अखंड आज्ञा, आणि 'सी' म्हणजे जागा वाचवणाऱ्या आखूड आज्ञा. अपूर्णांकांच्या आज्ञांसाठी 'एफ' आणि 'डी'; सर्वसाधारण वापराला लागणारा संच एकत्र सांगायचा असेल तर 'जी'. म्हणून लिनक्स चालवणाऱ्या चिपांच्या बाबतीत 'आरव्ही६४जीसी' हे नाव वारंवार दिसते.

इतक्या नेटक्या पद्धतीलाही व्यवहाराने गाठलेच. नव्या आज्ञांचे लहान लहान गट वाढत गेले, बहुतेकांना 'झेड'ने सुरू होणारे नाव मिळाले आणि एखाद्या चिपचे पूर्ण नाव दोन-दोन ओळींचे होऊ लागले. मग कोणते गट एकत्र असलेच पाहिजेत याच्या याद्या ठरवून त्यांना 'आरव्हीए२२', 'आरव्हीए२३' अशी वर्षदर्शक नावे द्यावी लागली.

मायक्रोआर्किटेक्चरच्या नावांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांतून तांत्रिक माहिती जवळपास मिळत नाही. इंटेलने ती बहुधा भूगोलातून उचलली: विलामेट आणि नेहेलम या ओरेगन राज्यातल्या नद्या, बानियास हे गोलान टेकड्यांतले ठिकाण. स्थळांच्या नावांवर सहसा कुणी हक्क सांगत नाही, हा त्यातला फायदा. तरीही अडचणी येतात. 'सँडी ब्रिज'चे इस्राएलमधल्या गटाने ठेवलेले मूळ नाव 'गेशर' होते, हिब्रूत 'पूल'. पण त्या नावाचा एक राजकीय पक्ष तिथे होऊन गेला होता, म्हणून ते बदलले आणि पूल तेवढा इंग्रजीत शिल्लक राहिला. एएमडीने सर्व्हरच्या चिपांना नेपल्स, रोम, मिलान अशी इटलीतली शहरे आणि डेस्कटॉपच्या चिपांना मातीस, व्हर्मियर असे चित्रकार दिले. ही नावे मुळात कंपनीच्या आत वापरण्यासाठी असतात. ती बाहेर रूढ होतात, कारण खोक्यावरच्या नावावरून पिढी ओळखणे अवघड झालेले असते.

एक्स८६-६४ च्या बाबतीत अलीकडे एक नवा थर आला आहे आणि जुने लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तो समजून घ्यावा. २००३ पासून या आज्ञासंचात पुष्कळ भर पडली, पण नाव तेच राहिले. त्यामुळे 'एक्स८६-६४' एवढ्यावरून कोणत्या आज्ञा नक्की मिळतील हे सांगता येईना. २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांच्या अभियंत्यांनी मिळून पायऱ्या ठरवल्या: मूळ रूपाच्या वर व्ही२, व्ही३ आणि व्ही४. व्ही२ ढोबळमानाने २००८ च्या नेहेलमच्या पिढीशी जुळते, व्ही३ ला एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या एव्हीएक्स२ सारख्या आज्ञा लागतात, ज्या इंटेलच्या बाबतीत २०१३ च्या हॅसवेलपासून मिळतात, आणि व्ही४ ला एव्हीएक्स-५१२. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्सच्या नवव्या आवृत्तीला किमान व्ही२ लागते आणि दहाव्या आवृत्तीला व्ही३.

इथे मालाच्या नावावर विसंबणे महागात पडते. हॅसवेलच्या पिढीतल्या कोअर आय५ मध्ये एव्हीएक्स२ आहे, पण त्याच पिढीत आणि नंतरही कित्येक वर्षे पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकल्या गेलेल्या चिपांमध्ये इंटेलने त्या आज्ञा बंद ठेवल्या होत्या. खोक्यावरची तारीख नवी, आज्ञासंच ६४ बिटांचा, तरीही व्ही३ नाही. म्हणून सेकंड हँड लॅपटॉप घेताना लेबल वाचून थांबू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही कमांड द्यावी. पहिल्या ओळीत आर्किटेक्चरचे नाव येईल, त्याच्या खाली मॉडेलचे नाव, आणि 'फ्लॅग्ज' या शीर्षकाखाली त्या चिपला कळणाऱ्या आज्ञागटांची लांबलचक यादी. तिच्यात 'एव्हीएक्स२' नसेल, तर ती चिप व्ही३ नाही.